बाहेरून मागायची माफी

देवळात गेले की मी गाभाऱ्यापर्यंत जाऊन येते. रांग दोन तासांची असो की सहा तासांची, अर्ध्यातून कळसाला हात जोडून परत फिरणाऱ्यातली मी नाही. पुण्याच्या टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे कोणाला धरलं की काम होतं हे मला बरोबर कळतं. तिरुपतीला मी ओळख काढून आत गेले आहे आणि एका ठिकाणी पुजाऱ्याशी चक्क भांडून. आमचे हे हयात असताना म्हणायचे, "स्नेहलता, देव तुला घाबरून दर्शन देतो." मला ते कौतुक वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या या स्वभावापायी झालं. त्यात माझ्या मुलाचा, गंधारचा, काडीचा दोष नाही.

२०१७च्या फेब्रुवारीत मी सहा महिन्यांसाठी गंधारकडे वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला आले. तो आणि सूनबाई विभावरी दोघंही सकाळी ट्रेनने वेलिंग्टनला नोकरीला जायचे, आणि आठ वर्षांच्या ओवीला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे होतं. एप्रिलमध्येच तिथे बोचरी थंडी सुरू झाली. एका सकाळी ही पोरगी मोजे न घालता जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अडकवून निघाली. अर्ध्या वाटेवर माझ्या ते लक्षात आलं आणि मी शाळेच्या फाटकाशी तिला फैलावर घेतलं.

"आजी, आय ॲम नॉट कोल्ड," ओवी म्हणाली.

"तुला काय कळतंय? उद्या तापलीस की मग सांग मला."

समोरच्या घराच्या कुंपणाआडून आवाज आला, "अगो, नको ओरडू तिला. इथल्या पोरांना थंडी वाजत नाही."

मी वळून पाहिलं. लोकरीची टोपी, अंगात जाड स्वेटर, खाली फुलाफुलांचा झगा आणि पायात स्लीपर, अशी ऐंशीच्या पुढची एक बाई तिथे उभी होती. मराठी अस्सल अलिबागकडचं. त्या रिबेकाबाई रोहेकर. ओवी वर्गात गेली आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा प्यायला बसले, ती दुपारी शाळा सुटेपर्यंत.

त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. "शनवार तेली म्हणायचे आम्हाला," त्यांनी सांगितलं. "शनवारी घाणा बंद ठेवायचे ना आमचे लोक." नवरा एझ्रा पोस्टात होता, २००९मध्ये ठाण्याला वारला. मग मुलगी लिया, जी इथल्या इस्पितळात नर्स होती, आईला इकडे घेऊन आली. लियाच्या ड्युट्या वेळी-अवेळी असायच्या. घरात मराठी बोलायला रिबेकाबाईंना दिवसभर कोणी नसायचं, आणि मला तर बोलायला कोणीही चालतं. आमचं जमलं. मी त्यांना अहो-जाहो करायचे, त्या मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायच्या. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग अंधूक होत चालला होता. माणसाचा चेहरा त्यांना कडेने पाहावा लागायचा, आणि वाचणं-लिहिणं तर वर्षभरापूर्वीच बंद झालेलं.

रोज दुपारी त्या हात धुवायच्या आणि बैठकीच्या पश्चिमेकडच्या खिडकीशी उभ्या राहून प्रार्थना म्हणायच्या. खिडकीतून हटच्या पलीकडचे डोंगर दिसायचे, आणि बहुतेक दिवस डोंगरांवर ढग.

"अलिबागला समुद्राकडे तोंड करायचो," त्या एकदा म्हणाल्या. "इथेही पश्चिमच आहे. लियाने फोनमध्ये बघून दिलं."

"पण पश्चिमेला आहे काय?"

"यरुशलेम. तिथे आमचं देऊळ होतं."

मग त्यांनी मला सांगितलं. डोंगरावर दोनदा देऊळ बांधलं, दोनदा शत्रूंनी पाडलं. दुसऱ्यांदा पाडलं त्याला जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. डोंगराचा चौथरा सावरायला बाहेरून जी भिंत घातली होती, तिचा पश्चिमेकडचा तुकडा तेवढा उरला. जगभरातून ज्यू लोक तिथे येतात, तिच्यावर डोकं टेकतात, रडतात, आणि देवाला लिहिलेल्या चिठ्ठ्या दगडांच्या फटींमध्ये ठेवतात.

"आणि देवळाच्या गाभाऱ्यात कोणता देव होता?"

"कोणताच नाही. रिकामी खोली."

"रिकाम्या खोलीसाठी दोन हजार वर्षं रडताय?"

रिबेकाबाई हसल्या. "रिकामी होती म्हणून तर दुसरं काही तिथे ठेवता येत नाही गं," त्या म्हणाल्या. मला ते काही पटलं नाही, पण चहा गार होत होता म्हणून मी वाद घातला नाही.

मेच्या सुरुवातीला गंधारला त्याच्या कंपनीने दहा दिवसांसाठी इस्राएलला पाठवायचं ठरवलं. पाण्याच्या मीटरचं काही तरी सॉफ्टवेअर होतं. मी धावत रिबेकाबाईंकडे गेले आणि बातमी दिली. त्या लगेच उठून आतल्या खोलीत गेल्या, चाचपडत कपाट उघडलं आणि एक लहानशी घडी घेऊन आल्या. कागद दोऱ्याने गुंडाळलेला होता.

"डोळे बरे होते तेव्हा लिहून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "ह्यांची एक चूक आहे. मरायच्या आधी मला म्हणाले, माझ्या वतीने माफी माग. भिंतीपाशी. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत, हृदय हे असं. तुझा मुलगा ठेवेल?"

"का नाही ठेवणार? पण लिया गेली नाही कधी?"

"लिया म्हणते, बाबांनी चूक केलीच नाही. माफीच मागायची नाही. ती नेणार नाही." त्यांनी घडी माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "भिंतीत ठेवायला सांग हां. भिंतीतच."

"मराठीत लिहिलंय?"

"मग? दोन हजार वर्षं कोकणात राहिलो. देवाला एव्हाना येत असेल."

आता त्या ती दुसऱ्यांदा लिहू शकणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. आठ वर्षं त्या ही चिठ्ठी सांभाळत होत्या आणि जाणारं माणूस मिळत नव्हतं. घरी येऊन मी गंधारच्या पासपोर्टच्या पाकिटात ती ठेवली आणि त्याला तीनदा बजावलं की काहीही हरवलं तरी चालेल, हे हरवू नकोस.

गंधारने तिथलं काम आटपलं आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी तो यरुशलेमला गेला. संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला. इकडे अंधार पडलेला, तिकडे सकाळचे नऊ. फोनच्या पडद्यावर त्याच्या मागे मोठमोठ्या पिवळसर दगडांची भिंत दिसत होती आणि तिच्याशी काळ्या कोटातली माणसं मागे-पुढे झुलत होती.

"आई, पोचलोय. चिठ्ठी ठेवतो आता."

मी म्हटलं, "देऊळ कुठे होतं रे नक्की?"

"वर. गाइड म्हणाला, ही नुसती चौथऱ्याची भिंत आहे. देऊळ वर होतं. आता तिथे मुसलमानांची पवित्र जागा आहे, सोन्याचा घुमट वगैरे. त्यावरून दोघांचं शेकडो वर्षांचं भांडण आहे. पण टूरिस्ट लोकांना ठरावीक वेळी वर सोडतात."

"तुला सोडतील?"

"हो, पासपोर्ट दाखवला की झालं. पण रिबेकाआजी भिंतीत म्हणाल्या होत्या ना?"

इथे मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "त्या बिचाऱ्यांना काय माहीत वर जाता येतं ते? मूळ जागा वर असताना कंपाउंडच्या भिंतीत काय ठेवतोस? तिरुपतीला जाऊन गोपुराला नमस्कार करून परत येतं का कोणी? जा वर. गाभारा होता तिथेच ठेव."

"आई, आर यू शुअर?"

"मी सांगते ना."

त्याने ऐकलं. माझं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय आहे. दोन तासांनी त्याचा मेसेज आला. वर पहारेकरी फार होते, दुसऱ्या धर्माच्या माणसाने तिथे प्रार्थना केलेली चालत नाही, त्यामुळे बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं करून एका जुन्या ऑलिव्हच्या झाडाखाली दगडांच्या सांध्यात त्याने चिठ्ठी सरकवली होती. सोबत फोटो होता. झाड, मागे निळ्या नक्षीची भिंत आणि हसणारा गंधार. मला इतका आनंद झाला की मी विभावरीला शिरा करायला लावला.

दुसऱ्या दिवशी ओवीला शाळेत सोडलं आणि तशीच रिबेकाबाईंकडे गेले. लिया रात्रपाळी करून आलेली, स्वयंपाकघरात टोस्ट खात होती. फोटो मोठा करून मी फोन रिबेकाबाईंच्या डोळ्यांच्या कडेशी धरला.

"भिंतीपाशी थांबला नाही हं माझा मुलगा. थेट वर जाऊन मूळ जागी ठेवून आला."

रिबेकाबाईंनी फोन हातात घेतला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. मग टेबलावर पालथा ठेवला.

"झाडाखाली?" त्यांनी विचारलं.

"हो, ऑलिव्हचं झाड आहे."

लियाने टोस्ट खाली ठेवला आणि म्हणाली, "ओ माय गॉड, आंटी."

रिबेकाबाईंच्या तोंडाचा रंग उतरला होता. मला वाटलं, हृदयाचं काही झालं. लियाही उठली. पण त्यांनी हाताने तिला बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, कोणाला तरी झोपेतून उठवायचं नसावं तसं, बोलायला लागल्या.

एझ्रा १९७९मध्ये यरुशलेमला गेले होते. त्यांचे भाऊ तिकडे स्थायिक झालेले, त्यांनी तिकीट पाठवलं. भिंतीशी गर्दी होती. शेजारच्या चढावरून लोक वर जात होते, त्यांच्यामागून तेही गेले. फाटकाशी पाटी होती, इंग्रजीतही होती, पण गर्दीत त्यांनी ती वाचली नाही. वर मोकळं, शांत, झाडं. एझ्रांना वाटलं, आपण घरी आलो. चपला काढून हातात घेतल्या आणि एका झाडाखाली बसून भावजयीने बांधून दिलेली पोळी आणि अंडं खाल्लं. अलिबागला आल्यावर ही हकीकत त्यांनी मोठ्या अभिमानाने आपल्या हझ्झानना, म्हणजे प्रार्थना सांगणाऱ्यांना, ऐकवली. ते म्हणाले, पाटी वाचली नाहीस? तिथे आपण पाय ठेवत नाही.

"का नाही?" मी विचारलं. "तुमचंच देऊळ ना?"

"आतल्या खोलीत वर्षातून एक दिवस, एकच माणूस जायचा," रिबेकाबाई म्हणाल्या. "सगळ्यात मोठा पुजारी. तोसुद्धा सात दिवस वेगळा राहून, आंघोळी करून, घाबरत. बाकी कोणी नाही. आता ती खोली नक्की कुठे होती ते कोणालाच ठाऊक नाही. चुकून पाय पडेल, म्हणून आम्ही सगळ्याच्याच बाहेर थांबतो. आमच्यातले काही जण म्हणतात जावं, काही हट्टाने जातातही. पण आम्ही नाही जात."

"आणि ती चिठ्ठी?"

"त्याचीच माफी होती गं. हे म्हणायचे, आत गेल्याची माफी आतून मागायची नसते. बाहेरून मागायची."

एका मेलेल्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, त्याच्या बायकोने ती आठ वर्षं जपली होती, आणि मी एका फोनमध्ये तिची माती केली होती. घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता.

पण स्वभावाला औषध नाही. दोन दिवस रडून झाल्यावर मला राग आला. माझ्या मुलाने एवढ्या प्रेमाने, एवढी जोखीम पत्करून काम केलं. देव काय पाटी वाचली की नाही ते बघत बसतो? गंधारला मी खरं सांगितलंच नाही. रिबेकाबाईंच्या घरावरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जायला लागले. त्या कुंपणाशी उभ्या असायच्या. मी दिसत नसणार त्यांना, पण ओवीचा आवाज ओळखून त्या हाक मारायच्या, "ओवी, बरी आहेस ना गं?" ओवी ओरडून सांगायची, "गुड, थँक यू!"

जूनमध्ये ओवी खरंच तापली. इकडचा साधा फ्लू, वर्गातली निम्मी मुलं आजारी होती. पण पहिल्याच संध्याकाळी लिया दारात सूप घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली, ताप मोजून गेली. संध्याकाळी पुन्हा. ड्युटीच्या कपड्यांतच यायची. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "अगं, डॉक्टरने सांगितलंय, चार दिवसांत उतरेल. तू कशाला एवढी धावपळ करतेस?"

लियाने बूट घालता घालता वर पाहिलं. "आंटी, मम्मी झोपत नाहीये. मला दर चार तासांनी पाठवते. माझी मोठी बहीण होती, मिल्का. डॅडी जेरुसलेमहून आले, त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. नऊ वर्षांची होती. डॅडींना वाटायचं, त्यांच्यामुळे गेली. तीस वर्षं ते तसंच धरून बसले. मशिदीत पुढे म्हणून कधी बसले नाहीत, दारापाशी उभे राहायचे." आपल्या प्रार्थनास्थळाला ते लोक जुन्या सवयीने मशीदच म्हणायचे, हे मला रिबेकाबाईंनी सांगितलेलं होतं. "म्हणून मी चिठ्ठी नेत नव्हते. देअर वॉज नथिंग टू फरगिव्ह. एक माणूस झाडाखाली बसून जेवला, दॅट्स ऑल."

माझ्या अंगाचा भडका उडाला. ओवीला विभावरीच्या हवाली केलं आणि तशीच स्वेटर न घालता रिबेकाबाईंकडे गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"माझ्या नातीवर कसली छाया पाडताय?" मी म्हटलं. "चूक केली ती मी. पोरीचा काय संबंध? असला देव असेल तर तुमचा तुम्हाला लखलाभ."

रिबेकाबाईंनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "देव असा नाहीच. हेच मी ह्यांना तीस वर्षं सांगत होते. मिल्का काविळीच्या तापाने गेली. त्या वर्षी गल्लीतली तीन पोरं गेली, त्यांचे बाप काय यरुशलेमला गेले होते? मला सगळं कळतं स्नेहल." त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. "पण तुझी ओवी तापली म्हटल्यावर भीती वाटली. वाटते, त्याला मी काय करू?"

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांचा हात धरून अर्धा तास बसून राहिले. चार दिवसांनी ओवीचा ताप उतरला, आणि ते सांगायला मीच सगळ्यात आधी धावत गेले.

जुलैत यरुशलेमच्या त्या डोंगरावर गोळीबार झाला. माणसं मेली, दारं बंद झाली, मग दारांवर तपासणीची यंत्रं बसली, ती काढा म्हणून दंगे झाले. रोज रात्री टीव्हीवर तो घुमट दिसायचा. एकदा आम्ही दोघी ते पाहत होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची जागा आहे ना, मग तुमच्याच लोकांनी घेऊन टाकावी एकदाची."

"माझी आहे म्हणून तर मी आत जात नाही," रिबेकाबाई म्हणाल्या. "जे तिथे रोज गुडघे टेकतात त्यांचीही आहे. पोरं मरायला लागली की ती कोणाचीच राहत नाही." त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला. मी आयुष्यात पहिल्यांदाच न कुरकुरता कोणाचं तरी ऐकलं.

महिना संपता संपता त्यांचा बिरड्याचा रोजा आला. दोन्ही देवळं पडली त्या दिवसाचा हा उपास. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जमिनीवर बसून वालाचं बिरडं आणि भात खायचा, आणि मग दुसऱ्या रात्रीपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. डॉक्टरांनी रिबेकाबाईंना उपास करायला मनाई केली होती. त्या डॉक्टरांशी गोड बोलल्या होत्या आणि उपास करणार होत्या. वालांना इथल्या थंडीत मोड येईनात, म्हणून मी ते आमच्याकडच्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात दोन दिवस ठेवले. सोमवारी दुपारी चारला, सोललेले वाल घेऊन मी त्यांच्याकडे पोचले. माझं परतीचं विमान तीन आठवड्यांवर आलं होतं.

लियाने बिरडं फोडणीला टाकलं. मग हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आंटी, मी सप्टेंबरमध्ये जेरुसलेमला जातेय. तिकीट काढलं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "मम्मीची चिठ्ठी नेते. मला अजून पटलेलं नाही. बट शी कान्ट गो, सो आय विल. आणि वर जाणार नाही. भिंतीपाशी ठेवणार."

एझ्रांची माफी शेवटी जायची तिथे जाणार होती. रिबेकाबाईंनी मला जवळ बसवून घेतलं, टेबलावरचा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"माझ्याने लिहवत नाही. तू लिही. मी सांगते."

"सांगा."

"लिही. गंधार, स्नेहलताचा मुलगा..."

माझं पेन थांबलं. "माझा गंधार?"

"आमच्यात जिवंत माणसासाठी दुवा मागताना आईच्या नावाने मागतात. लिही. गंधार, स्नेहलताचा मुलगा, याला ठाऊक नव्हतं. माझ्या कामासाठी गेला आणि वर चढला. त्याच्या खाती ते धरू नकोस. धरायचंच असेल तर माझ्या धर. त्याच्या ओवीला मोठी कर."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, "आणि एझ्रा?"

"लिया एकच चिठ्ठी नेणार. ती तेवढ्यालाच कशीबशी कबूल झाली. बापाचं नाव घातलं तर जाणार नाही." रिबेकाबाईंनी आवाज खाली केला. "ह्यांचं आता राहू दे. ते देवाजवळ पोचलेत, त्यांचं ते बघतील. तुझ्या मुलाला अजून पोर वाढवायचंय."

म्हणजे नवऱ्याची आठ वर्षं जपलेली माफी या बाईने बाजूला ठेवली होती, आणि तिची जागा माझ्या मुलाला दिली होती. मी त्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने रडले. स्वयंपाकघरातून लिया आली, माझ्या हातातला कागद तिने घेतला आणि वाचला. तिला मराठी सावकाश वाचता यायचं. ओठ हलवत ती शेवटपर्यंत गेली आणि आईकडे पाहत उभी राहिली.

एरवी मी कोणाला न विचारता केलं असतं. त्या दिवशी विचारलं. "लिया, खाली एक ओळ मावेल. मी घालू का?"

लियाने कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. आत बिरडं रटरटत होतं आणि खिडकीबाहेर डोंगरावरचा उजेड उतरायला लागला होता. "ही डिडन्ट डू एनिथिंग राँग," ती म्हणाली. मग कागद माझ्यासमोर ठेवला. "पण डॅडींना हवं होतं. घाला."

मी रिबेकाबाईंकडे वळले. "त्यांच्या आईचं नाव काय?"

"गेलेल्या माणसाला बापाचं नाव लावतात." त्या म्हणाल्या. "एझ्रा, शालोमचा मुलगा."

मी लिहिलं, "एझ्रा, शालोमचा मुलगा, न कळता आत गेला होता. तो बाहेर उभा राहून माफी मागतो आहे."

रिबेकाबाईंनी ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली. मग पुन्हा वाच म्हणाल्या. तिसऱ्यांदा वाचायला लागले, तेव्हा त्यांनी कागदावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पोचलं."